चिमट्यांना टांगलेली ताई

"माझ्या हातून चूक होत नाही. झालीच, तर ती दुसऱ्या कुणाची तरी असते."

मुकादमीण हे वाक्य दिवसातून निदान दोनदा म्हणायची. एकदा सकाळी धुण्याचे ढोल सुरू करताना आणि एकदा दुपारी, कुणी मान खाली घालून तिच्यापुढे उभं असताना. म्हणायची हसतच, पण ऐकणाऱ्यांची हसायची छाती होत नसे. कारण सव्वीस वर्षांत तिच्या हातून काही सांडलेलं, जळलेलं, हरवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तिचा धुलाईखाना होता. वरच्या पाच मजल्यांवर माणसं जन्मत, बरी होत, जात, आणि त्या सगळ्यांचं कापड खाली येई. धुण्याचे चार लोखंडी ढोल होते, एकेकात म्हैस उभी राहील एवढे. पलीकडे रोलरची इस्त्री. तिच्यात एका अंगाने ओली चादर घातली की दुसऱ्या अंगाने ती कोऱ्या वहीच्या पानासारखी बाहेर यायची. वाफ अशी, की समोरचा माणूस आधी आवाजावरून ओळखायचा आणि मग डोळ्यांनी. भिंतीवर हातभर अक्षरांत दोनच शब्द रंगवलेले होते: खिसे बघा. डॉक्टरांच्या कोटात पेनं असतात, चिमटे असतात, थर्मामीटर असतात. एक राहिलं तर सगळा ढोल बाद.

या वाफेत चौदा माणसांवर मुकादमिणीचा हुकूम चाले. ती उंच होती, मानेने लांब, डोक्यावर घट्ट अंबाडा. चालायची अशी, की वाटेतली ट्रॉली आपणहून बाजूला व्हावी. आणि हीच बाई दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्या चौदा माणसांना पोट धरून हसवायची. तोंडाने नव्हे, हाताने.

सुरुवात कागदावर झाली होती. अकरा वर्षांपूर्वी तिने एका मागणीपत्राच्या पाठीवर घरची गंमत काढली: खिडकीतलं कबुतर आणि तिची ताई एकमेकांकडे डोळे वटारून बघतायत, आणि शेवटी ताईच नजर खाली घालते. फाटक्या चादरी शिवणारी शिवणवाली, मुकादमिणीची जुनी मैत्रीण, ते बघून एवढी हसली की सुई बोटात घुसली. पण दुपारपर्यंत वाफेने कागदाचा लगदा झाला. दुसरं कुणी असतं तर चित्र काढायचं सोडलं असतं. मुकादमिणीने कागद सोडला.

तिने एक बाद चादर घेतली. तिचे तळहाताएवढे चौकोन फाडले, खळ देऊन रोलरमधून काढले. आता शाई पसरत नव्हती. शाई म्हणजे खुणेची शाई, चादरीच्या कोपऱ्यावर वॉर्डाचा आकडा घालतात ती. उकळत्या पाण्यालाही न हटणारी. चार चौकोनांची एक गोष्ट. चहाच्या बाकाजवळ दोन पायपांमध्ये दोरी बांधली, आणि चार चिमट्यांनी गोष्ट टांगली. डावीकडून वाचत जायचं, चौथ्या चिमट्याशी हसायचं. वरचे एक डॉक्टर एकदा कोट शोधत खाली आले आणि म्हणाले, "अहो, हे तर कॉमिक आहे!" धुलाईखान्यातले लोक नुसतं 'दोरी' म्हणायचे. आज दोरीवर काय? ताई आहे का?

ती शाई पुसता येत नाही, म्हणून मुकादमिणीचा हातही तसाच झाला. एकदा ओढलेली रेघ परत घ्यायची नाही. नाक घसरलं तर त्याचा नळ करायचा. स्वतःला ती काढायची लांब मान आणि वर अंबाडा, म्हणजे पाण्याची सुरई. ताईला काढायची चष्म्याच्या दोन मोठ्या वाटोळ्या काचा, आणि त्यांच्याखाली जमेल तेवढी ताई.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताई एकवीस वर्षांची होती आणि धाकटी बारा. ताईने शाळेत गणिताची नोकरी धरली आणि धाकटीला वाढवलं. लग्न दोघींचंही झालं नाही. कुणी विचारायलाच आलं नाही, असं ताई सांगे. आलेल्यांना ताईने पाढे विचारले, असं धाकटी सांगे. आता दोन खोल्या, एक खिडकी, आणि एक खुर्ची, जिच्यावर दोघींचा हक्क होता.

या दोन खोल्यांतलं सगळं दोरीवर यायचं. एक गोष्ट तर जुन्या काळची होती. ताईने चपलांचा एकच जोड आणलाय. सकाळची शाळा ताईची, दुपारची धाकटीची. शेवटच्या चौकोनात दोघी भर दुपारी रस्त्याच्या मध्यावर भेटतात, चपलांचा पायपालट होतो, आणि ताई तापल्या रस्त्यावर अनवाणी, पण ऐटीत घरी निघते, मोजत, "एकशे सात, एकशे आठ..." ती गोष्ट टांगली त्या शनिवारी चौथ्या चिमट्याशी कुणी हसलं नाही. ढोल चालवणारा ढोलवाला वाफेच्या नावाने बोटं मोडत डोळे पुसत राहिला.

पण या दोरीत एक खोट होती, आणि ती एकट्या मुकादमिणीला ठाऊक होती.

घरी ती मुकादमीण नव्हती. धुलाईखान्यात सगळा नीटनेटकेपणा खर्च करून यायची, आणि घरात पाऊल टाकलं की तिच्या हाताला जणू सुट्टी लागायची. कचऱ्याची पिशवी घेऊन कामावर जायची आणि जेवणाचा डबा कचऱ्यात टाकायची. चुकीच्या नंबरवर अनोळखी माणसाला दहा मिनिटं आपल्या पोटाची तक्रार सांगायची. कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याला धक्का लागला तर "लागलं का हो?" म्हणायची. हे सगळं काढण्यासारखं होतं, आणि तिला काढल्याशिवाय चैन पडत नव्हतं. पण चौदा माणसांसमोर सुरईला कचऱ्याची पिशवी घेऊन कसं उभं करायचं? म्हणून ती पिशवी ताईच्या हातात दिली. दोन वाटोळ्या काचा काढल्या, भागलं. पहिल्यांदा मनाला थोडं खटकलं. दुसऱ्यांदा नाही. ताई कधी या तळघरात येणार नव्हती.

या गोष्टींपैकी एक तर पाचही मजल्यांवर गाजली. निवृत्तीच्या दिवशी बोलण्यासाठी ताईने चार पानी भाषण लिहिलं होतं. महिनाभर लिहीत होती. पानं जाकिटाच्या खिशात ठेवली. आदल्या दिवशी धाकटी म्हणाली, "दे गं, उद्यासाठी चकाचक करते," आणि खिसा न बघता जाकीट पाण्यात घातलं. पानांचा गोळा झाला. ताई समारंभात तीन वाक्यं बोलून खाली बसली. घरी येताना एवढंच म्हणाली, "बरं झालं. लांबलंच असतं." पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि धाकटीने दोरीवर काय काढलं? ताईच स्वतःचं भाषण स्वतः धुते आणि मंचावर लगद्याचा गोळा हातात घेऊन उभी राहते. लोक आठवडाभर हसत होते. नर्सबाई खाली येऊन बघून गेल्या. 'भाषणवाली ताई' हे नावच पडलं.

त्यावर कडी म्हणजे, मागच्या वर्षी ढोलवाल्याच्या हातून एका कोटाच्या खिशातली कात्री बघायची राहिली. ढोल दिवसभर बंद पडला. मुकादमिणीने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, भिंतीवरचे दोन शब्द मोठ्याने वाचायला लावले, आणि वर लेखी ताकीद दिली. ढोलवाला तिच्याहून वयाने मोठा. त्याने वाचले ते दोन शब्द, आणि महिनाभर चहाच्या बाकावर बसला नाही.

मग ताईचा गुडघा गेला. ऑपरेशन इथेच करायचं ठरलं, कारण हाडांचे नामांकित डॉक्टर इथेच होते. म्हणजे आता ताई दोरीच्या इमारतीत येणार होती. आदल्या दिवशी मुकादमिणीने दोरी उतरवली. जपून ठेवलेल्या बेचाळीस गोष्टी, चार-चार चौकोन कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेले, तिने एका स्वच्छ अभ्र्यात घातल्या, अभ्र्याचं तोंड दुमडलं आणि आपल्या खासगी फळीवर ठेवला. मग सगळ्यांना दम भरला, "माझी ताई येतेय. दोरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं तर त्याला रोलरमधून काढीन."

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी वरून निरोप आला की पेशंटच्या गुडघ्याखाली ठेवायला एक लहान उशी हवी. मुकादमीण तेव्हा रोलरवर होती. तिथूनच ओरडली, "माझ्या ताईला आहे! चांगलीतली चांगली द्या! माझ्या फळीवर बघा!"

शिवणवालीने फळीवर बघितलं. एकच उशी होती. गुबगुबीत, स्वच्छ, तोंड नीट दुमडलेलं. तिने ती ट्रॉलीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटपून मुकादमीण वॉर्डात गेली तेव्हा ताई उठून बसलेली होती. पांघरुणावर पांढरे चौकोन ओळीने मांडलेले. नाकावर चष्मा. हातात लाल पेन.

"अहो मुकादमीणबाई, ही कसली उशी पाठवलीत?" वॉर्डातली नर्स हसू दाबत म्हणाली. "रात्रभर टोचते म्हणत होत्या. सकाळी उघडली, तर आत अख्खी दोरी!"

मुकादमिणीने चौकोनांकडे हात नेला. "ताई, मी सांगते—"

"बस. तपासून व्हायचंय." ताईने वर पाहिलंही नाही. चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात एकेका चौकोनावर बरोबरची किंवा चुकीची खूण करत पुढे सरकत होता. शेवटची जुडी झाली तेव्हा तिने पेनाचं टोपण लावलं. "बेचाळीस गोष्टी. तेवीस बरोबर. अठरा चूक."

"ताई, गंमत असते गं ती."

"गंमत मला कळते. कबुतराच्या गोष्टीला मी दोनदा हसले, टाके दुखले. पण डबा कचऱ्यात कुणी टाकला?"

"...मी."

"पोटाची तक्रार परक्या माणसाला कुणी सांगितली?"

"मीच. पण फार चांगला होता तो. ओवा खा म्हणाला."

"आणि दुकानातल्या पुतळ्याला 'लागलं का हो' कुणी विचारलं?"

"पडत होता गं तो अंगावर!"

नर्सने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मुकादमिणीने मनात बेरीज केली. ताईच्या सहवासात तेवढं तरी येतं. "तेवीस आणि अठरा एक्केचाळीस होतात."

"एक तपासली नाही." ताईने उशाखालून चार चौकोनांची जुडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. भाषणाची. तिच्यावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. "हिला काय द्यायचं ते तू ठरव. आज सकाळी वॉकर घेऊन मी कॉरिडॉरमध्ये दहा पावलं चालले. दहा पावलांत दोघांनी विचारलं, तुम्हीच का त्या भाषणवाल्या? मी म्हटलं, कसलं भाषण? तर हसायला लागले."

मुकादमिणीने जुडी उलटी करून ठेवली.

"हसण्याचं मला काही नाही, धाकटे," ताई म्हणाली. "पण माझ्यावर हसायचं तर माझ्या चुकांवर हसा. माझ्या काय कमी आहेत? मी चुकीच्या घरी सांत्वनाला गेले होते. अर्धा तास रडले. त्या घरातली माणसं सगळी जिवंत होती, समोर बसली होती, मला पाणी देत होती! ती का नाही काढलीस? एवढी चांगली चूक वाया घालवलीस, आणि तुझ्या फुटकळ चुका माझ्या गळ्यात बांधल्यास."

"मला माहीतच नव्हतं!"

"विचारायचं होतंस." ताईने पांघरूण नीट केलं. "सोमवारी मला घरी सोडणार. त्या अख्ख्या कॉरिडॉरमधून मी माझ्या पायांनी बाहेर जाणार. तेव्हा माझं नाव मला परत पाहिजे."

"ताई, खाली चौदा माणसं आहेत. मी त्यांच्यावर कशाच्या जोरावर हुकूम चालवते? एका कात्रीवरून मी ढोलवाल्याला सगळ्यांदेखत..." ती थांबली. "आणि आता मीच सांगू, की सख्ख्या बहिणीचा खिसा मी बघितला नाही?"

"ते तुझं तू बघ," ताई म्हणाली, आणि चष्मा काढून डोळे मिटून घेतले. शाळेतही ती असंच करायची. तास संपला.

मुकादमीण जिना उतरली ती पायऱ्या न मोजता, आणि शेवटची पायरी चुकली. शनिवार होता. लोक रिकाम्या दोरीकडे बघून जेवून गेले होते. ती फळीपाशी बसली आणि आधी सोपा रस्ता धरून पाहिला. भाषणाच्या चौकोनातल्या ताईच्या डोक्यावर अंबाडा काढला, मान लांब केली. चष्म्याला काही करता येईना. शिवणवालीने येऊन निरखून पाहिलं.

"ही कोण? तुमची मधली बहीण का?"

"कामाला जा," मुकादमीण म्हणाली.

तरी तिने तो चौकोन वर नेला. ताईने हातातही घेतला नाही. "खाडाखोड. शून्य."

मग मात्र ती पेटली. रविवारची सुट्टी होती. ती एकटी धुलाईखान्यात आली, एक बाद चादर काढली, शहात्तर चौकोन फाडले, खळ दिली, रोलर तापवला. ढोल गप्प होते, वाफ नव्हती, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला ती खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती. ती उभ्यानेच काढत सुटली. सुरई कचऱ्याची पिशवी घेऊन ऐटीत निघालीय. सुरई पुतळ्याला सॉरी म्हणतेय. आणि काढता काढता तिच्या लक्षात आलं की तिला हसू येतंय. ताईला काढताना हात जरा चोरून चालायचा; इथे रेघ बेधडक पळत होती. पुतळ्याच्या गोष्टीत सुरईची मान एवढी वाकली की ती चौकोनाबाहेर जाऊन पुढच्या चौकोनात शिरली. असलं तिला आधी कधी सुचलं नव्हतं.

अठरा झाल्या. एकोणिसावी राहिली. तिला तिने हात लावला तेव्हा दुपार कलली होती. पहिला चौकोन: ताई लिहितेय. दुसरा: पानं खिशात. तिसरा: सुरई, बादली, जाकीट, आणि मागच्या भिंतीवर मुद्दाम मोठ्या अक्षरांत काढलेले ते दोन शब्द. चौथा: ताई मंचावर, रिकाम्या हाताने, आणि सुरई शेवटच्या रांगेत सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवतेय.

ती जुडी घेऊन वर गेली. ताईने चष्मा लावला आणि पहिल्या चौकोनापासून वाचायला लागली. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. चौथ्या चौकोनावर ताईचं बोट थांबलं.

"तू शेवटच्या रांगेत नव्हतीस."

"होते की."

"दारात होतीस. एक पाय बाहेर. पळायच्या तयारीत. मी वरून बघत होते."

पाच वर्षं मुकादमिणीची समजूत होती की ताईला त्या दिवशी कुणीच दिसलं नाही. तिने खिशातून खुणेची शाई काढली, एक कोरा चौकोन काढला, आणि वॉर्डातल्या औषधांच्या टेबलावर उभी राहून चौथं चित्र पुन्हा काढलं. दार. अर्धी सुरई आत, अर्धी बाहेर. हातात टाळ्या नाहीत.

ताईने पाहिलं. लाल पेन उचललं आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली, लहानशी.

"ताई, काय होतं गं त्या चार पानांत?"

"आता काय आठवतंय. दोन पानं तर नुसते आभार." ताईने जुडीचा दोरा नीट बांधला. "तिसऱ्या पानावर तुझं होतं काहीतरी."

"काय होतं?"

"तुलाच धुवायची घाई होती," ताई म्हणाली, आणि ऑपरेशननंतर धाकटीसमोर पहिल्यांदा हसली.

सोमवारी पहिला ढोल सुरू व्हायच्या आत मुकादमिणीने दोरी बांधली. एक पुरली नाही. पाच दोऱ्या लागल्या, एकीखाली एक. चिमटे कमी पडले म्हणून ट्रॉलीची क्लिपं लावली. विसावी गोष्टही होती: चष्मेवाली ताई एका भरल्या घरात ढसाढसा रडतेय आणि घरातले सगळे तिला पाणी देतायत. ती ताईने स्वतः सांगून काढून घेतली होती.

लोक आले. मुकादमीण रोलरला पाठ टेकून, हात बांधून उभी राहिली. ती कुठे गेली नाही, कुणाकडे बघायचं तिने टाळलं नाही.

ढोलवाल्याने नाकावर चष्मा चढवला. तो सगळ्यांसाठी मोठ्याने वाचायचा, तीच त्याची पद्धत. पहिली दोरी वाचली. मागे हसण्याच्या आधी कुजबुज झाली. "अरे, ही तर..." दुसरी वाचली, तिसरी वाचली. पुतळ्याच्या गोष्टीला शिवणवाली खाली बसली. मग तो शेवटच्या दोरीशी आला. वाचता वाचता त्याचा आवाज मंदावला. तिसऱ्या चौकोनातले दोन शब्द त्याने वाचले नाहीत. मान वळवून भिंतीवरच्या मोठ्या अक्षरांकडे पाहिलं, मग मुकादमिणीकडे.

"मुकादमीणबाई," तो म्हणाला, "माझी कात्री निदान सापडली तरी होती."

"होती," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर ते वाचायला लावलं, ते माझं चुकलं. वयाचा तरी मान ठेवायचा होता."

ढोलवाल्याने चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"मग आता ताकीद तोंडी देऊ की लेखी?"

मुकादमिणीने लांब मान आणखी लांब केली.

"लेखी. आणि सगळ्यांना दिसेल अशी लावा."

त्याने कोरा चौकोन मागितला, शाई मागितली, आणि बाकावर बसून जीभ दातांत धरून लिहिलं: *खिसा न बघता धुलाई केल्याबद्दल मुकादमिणीस सक्त ताकीद.* खाली सही केली, तारीख घातली. तो चौकोन भाषणाच्या गोष्टीशेजारी टांगला, तेव्हा कुठे धुलाईखाना फुटला. चौदाच्या चौदा माणसं अशी हसली, की वरच्या मजल्यावरून काय झालं म्हणून फोन आला. मुकादमीणही हसली, अंबाडा सुटेपर्यंत. मग तिचं लक्ष रोलरकडे गेलं.

"तिकडे चादरीला घडी पडतेय, दिसत नाही का कुणाला? पळा!"

आणि सगळे पळाले, नेहमीसारखेच.

दुपारी ताईला सोडलं. वॉर्डापासून मोठ्या दरवाजापर्यंतचा कॉरिडॉर लांब होता. ताई वॉकर पुढे टाकायची, मग पाऊल, मग वॉकर. शेजारून मुकादमीण, खांद्यावर ताईची पिशवी. मध्यावर एका पेशंटचे नातेवाईक बाकावर बसले होते. त्यातल्या एका बाईने पलीकडच्या नर्सला विचारलं, "ह्याच का हो त्या, भाषण धुतलेल्या?"

ताई थांबली. वॉकर नीट टेकवला.

"ती मी नव्हे," ती वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "भाषण हिने धुतलं. मी चुकीच्या घरी रडणारी."

"हो, मीच ती धुणारी," मुकादमीण म्हणाली, आणि त्या बाईकडे बघून मान लववली. "खिसा बघितला नाही."

ती बाई आधी गोंधळली, मग हसली, आणि उठून तिने ताईसाठी बाक बाजूला ओढला.

दोघी निघाल्या. तळघरातून आवारात उघडणाऱ्या धुलाईखान्याच्या दाराशी ढोलवाला हात पुसत येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागे शिवणवाली. उतारावर ताई थबकली. मुकादमिणीने हात पुढे केला, ताईने तो बाजूला सारला आणि वॉकर पुढे टाकला. मुकादमीण तिच्या वेगाने चालायला लागली. सव्वीस वर्षांत इतकं हळू चालताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. आत ढोल थांबल्याची घंटा वाजली. "ढोलाकडे जाता का?" शिवणवालीने विचारलं.

"थांब," ढोलवाला म्हणाला. "त्यांना फाटकाबाहेर वळू दे."

आणि त्या दोघी वळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.